शिधापत्रिका आणि घरांतलें आजारपण

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. इस्पितळाच्या पायरीबद्दल असा सल्ला कोणी दिल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण ती पायरी कोणीच आपखुषीनें चढत नाहीं. घरांत एखाद्यास हृदयविकाराचा झटका येतो, एखाद्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि चार दिवसांच्या आंत त्या घराची शिल्लक, सोनेंनाणें, प्रसंगीं राहती जागाही पणास लागते. असल्या वेळीं सरकार कांहीं साहाय्य करतें, हें सुशिक्षित मंडळींच्या कानांवर असतें. परंतु तें साहाय्य कोणाकडून मिळतें, कोणत्या रीतीनें मिळतें, आणि आपलें घर त्यांत बसतें कीं नाहीं, याची चौकशी रोगी खाटेवर पडल्यावांचून सहसा कोणी करीत नाहीं. "सरकारी मदत गोरगरिबांची, आपला तिच्याशीं काय संबंध?" अशी समजूत आपल्या घरोघरीं मुरलेली आहे. निदान २०२४ सालच्या जुलैपासून तरी ती समजूत सोडून देणें भाग आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना तेव्हांपासून महाराष्ट्रांतील सर्व कुटुंबांस लागू झाली. पांढऱ्या शिधापत्रिकेचीं कुटुंबेंही तींत आलीं. पिवळी शिधापत्रिका वर्षाच्या १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांची, केशरी १५ हजारांपासून १ लाखापर्यंतची, आणि त्यावरील सारे पांढरे, ही रंगांची उतरंड सर्वांस ठाऊक आहेच. म्हणजे आपल्या वाचकांपैकीं बहुतेक सारे या योजनेचे हक्कदार झाले आहेत. अनेकांस त्याची वार्ताही नाहीं.

या व्यवस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगावयास हवा. पैसा नाहीं म्हणून कोणाही माणसास औषधोपचारांवांचून राहावें लागूं नये, हें तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच आपल्या अहवालांत मांडलें होतें. तत्त्व मांडणें सोपें. खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न पुढें पन्नास वर्षें लोंबकळत राहिला. महाराष्ट्र सरकारनें १९९७ सालीं जीवनदायी योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील रोग्यास हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या भारी शस्त्रक्रियांसाठीं ती पैसे देई. मात्र अर्ज, दाखले आणि मंजुरी यांचा फेरा रोग्याच्या प्रकृतीस मानवेल इतका लहान नसे. २००७ सालीं शेजारच्या आंध्र प्रदेशांत आरोग्यश्री योजना सुरू झाली व तिनें निराळीच तऱ्हा दाखविली: रोग्याच्या हातांत पैसा द्यावयाचा नाहीं, इस्पितळानें रोग्याकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, हिशेब सरकार आणि इस्पितळ यांच्यामध्यें. त्याच धर्तीवर २०१२ सालच्या जुलैंत महाराष्ट्रांतील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, आणि २०१३ सालच्या नोव्हेंबरांत ती राज्यभर पसरली. २०१७ सालीं तिला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. (आमच्या कित्येक वाचकांच्या पणजोबांचें आणि जोतीरावांचें फारसें सख्य नव्हतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांच्या पत्नी सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगांत पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करतांकरतां वारल्या, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना आरोग्याच्या योजनेस हें नांव शोभतें असेंच वाटेल.) २०१८ सालीं केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना या राज्यांत एकत्र चालूं लागल्या.

या दोहोंचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे राज्य आरोग्य हमी सोसायटी. तिची कचेरी मुंबईंत वरळीस आहे. हिची पहिली खूण ही कीं, हिच्याजवळ स्वतःची एकही खाट नाहीं, एकही शस्त्रवैद्य नाहीं. ती रोग बरा करीत नाहीं. बरा करणाऱ्यास परवानगी देते आणि मागाहून त्याचें देणें चुकतें करते. कोणतें इस्पितळ योजनेंत घ्यावयाचें हें ती ठरविते, आणि अशा इस्पितळास अंगीकृत रुग्णालय म्हणतात. कोणत्या उपचारास किती रुपये, याचें दरपत्रक तिच्या हातीं असतें. २०२३ सालच्या निर्णयानें उपचारांची यादी १,३५६ झाली, आणि त्यानंतर ती आणखी वाढविण्याचाही निर्णय झाला. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इस्पितळ अंगीकृत असलें म्हणजे तेथील सर्वच विभाग अंगीकृत असतात असें नाहीं. हाडांचा विभाग योजनेंत आणि हृदयाचा बाहेर, असेंही घडतें. शिवाय कांहीं उपचार केवळ सरकारी इस्पितळांसाठींच राखून ठेवलेले आहेत. ते खासगी ठिकाणीं करून घेतल्यास योजनेचा एक पैसाही मिळत नाहीं.

पैसा कोठून येतो, याच्या दोन रीती आहेत. एकींत सरकार दर कुटुंबामागें विमा कंपनीस ठराविक हप्ता भरतें व इस्पितळांचीं बिलें कंपनी भागविते. २०१२ सालीं हा हप्ता कुटुंबामागें ३३३ रुपये होता. दुसरींत मध्यें कंपनी नसते. सोसायटी स्वतःच हमी घेते आणि स्वतःच बिल चुकवते. महाराष्ट्रानें या दोन्ही रीती वापरल्या, कांहीं काळ तर एकाच बिलाचा दीड लाखापर्यंतचा भाग विम्यावर आणि वरचा भाग हमीवर, अशी मिश्र पद्धतिही चालविली. रोग्याच्या दृष्टीनें दोहोंत फरक दिसूं नये अशी अपेक्षा असते. परंतु विमा कंपनीस बिल नाकारण्यांत लाभ असतो, आणि सरकारी हमींत देणें रेंगाळण्याची भीति असते. इस्पितळांच्या तक्रारी ऐकाव्या तर त्या दर अपुरे आणि पैसे उशिरां, याच दोन असतात. त्या सर्वस्वीं खोट्या आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या इस्पितळाचे पैसे अडकून पडतात, त्याच्या दारांत योजनेच्या रोग्याचें स्वागत कसें होत असेल, हें सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष रीत कशी, तें पाहूं. प्रत्येक अंगीकृत इस्पितळांत प्रवेशाजवळ आरोग्यमित्र नांवाचा एक माणूस बसलेला असतो. तो डॉक्टर नव्हे, इस्पितळाचा नोकरही नव्हे. योजनेच्या वतीनें रोग्याची नोंद करणें आणि त्याला वाट दाखविणें हें त्याचें काम. शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा, किंवा आयुष्मान कार्ड, त्याच्यापुढें ठेवावयाचें. नोंद झाली कीं डॉक्टर तपासतात, रक्त, आलेख, चित्रें इत्यादि पाहतात, आणि उपचार यादींतला असेल तर सर्व कागद संगणकावरून परवानगीसाठीं पाठवितात. तेथें बसलेले डॉक्टर ते वाचतात. पटलें तर होकार येतो, न पटलें तर शंका विचारतात किंवा नाकारतात. विमा कंपनीच्या बाजूनें नाकारलेलें प्रकरण सोसायटीच्या वैद्यकीय तज्ज्ञांपुढें जाऊं शकतें, म्हणून पहिला नकार हा शेवटचा समजूं नये. रोगी अत्यवस्थ असला तर कागदांची वाट पाहावयाची नसते. दूरध्वनीवरून तात्पुरती परवानगी घेऊन उपचार सुरू करतां येतात व कागद मागाहून जातात. ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते, आणि नेमक्या त्याच वेळीं घरचीं माणसें इकडून तिकडून पैसे गोळा करीत धांवत असतात.

मंजूर रकमेंत काय काय येतें, हें वाचून आम्हांस स्वतःस आश्चर्य वाटलें. खाट, शुश्रूषा, शस्त्रवैद्याची व भूल देणाऱ्याची फी, औषधें, तपासण्या, शरीरांत बसवावयाच्या वस्तु, रोग्याचें जेवण हें सारें तर आहेच. शिवाय घरीं परततांना एकवार एस्टीचें किंवा आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाचें भाडेंही आहे. घरीं गेल्यावर दहा दिवसांच्या आंत त्याच उपचारांतून कांहीं उपद्रव उद्भवला, तर त्याची जबाबदारीही इस्पितळावरच. उलट, बाहेरच्या बाहेर दाखवून औषध घेणें हें यांत बसत नाहीं. बहुतेक उपचारांस दाखल व्हावें लागतें. डायलिसिस, कर्करोगाचीं औषधें अशा, दिवसाच्या दिवशीं परतावयाच्या उपचारांचा त्यांत समावेश आहे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते, आणि ती घरांतल्या प्रत्येक वडील माणसानें ध्यानीं धरावी. ही योजना रोकडरहित आहे. आधीं आपण भरावे व मग सोसायटीकडून परत मिळवावे, अशी सोय तींत नाहीं. आपल्या लोकांची संवय निराळी. अगोदर अनामत भरून खाट मिळवावयाची, रोगी सुरक्षित झाला म्हणजे निवांतपणें चौकशी करावयाची. येथें हा क्रम उलटा हवा: प्रथम आरोग्यमित्र, मग पैशाची पेटी. मंजुरी मिळाल्यावर इस्पितळानें तपासणीचे किंवा औषधाचे म्हणून पैसे मागितले, तर पावती मागावी व तक्रार करावी. योजनेचा दूरध्वनि १५५३८८ हा आहे, आणि चुकार इस्पितळास दंड करण्याचा वा यादींतून काढण्याचा अधिकार सोसायटीस आहे. पावती न देतां पैसे मागणाऱ्याशीं मात्र भांडण्यास अंगांत बळ हवें, आणि रोग्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाजवळ तें क्वचितच असतें.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण एकत्र कुटुंबांत राहणारे. आणि एकत्र कुटुंबास या योजनेंतली सर्वांत महत्त्वाची अट अगदीं निराळ्या तऱ्हेनें लागते. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार, असें जाहिरातींत म्हटलेलें असतें. हे ५ लाख माणशीं नव्हेत, कुटुंबामागें आहेत. ते एकट्यानें वापरावे किंवा सर्वांनीं मिळून वापरावे. आणि कुटुंब म्हणजे काय? धर्मशास्त्रानें, हिंदु कायद्यानें, आयकराच्या खात्यानें कुटुंबाची व्याख्या आपापल्या परीनें केली आहे. योजनेनें या सर्वांना बाजूस सारून सरळ शिधापत्रिका हातांत घेतली. जितकीं नांवें एका पत्रिकेवर, तितकीं माणसें मिळून एक कुटुंब. माणसांच्या संख्येला मर्यादा नाहीं, ही गोष्ट औदार्याची दिसते खरी; पण संख्या वाढली म्हणून रक्कम वाढत नाहीं.

समजा, एका वाड्यांत तिघे भाऊ, त्यांच्या बायका, सहा मुलें आणि वृद्ध आईबाप अशीं चौदा माणसें एका पत्रिकेवर आहेत. वडिलांचीं मूत्रपिंडें गेलीं. आठवड्यांतून दोन-तीन वेळां डायलिसिस करावें लागतें. २०२३ च्या निर्णयानें मूत्रपिंडरोपणाची मर्यादा २॥ लाखांवरून ४॥ लाखांवर गेली. रोपणाचाच मार्ग धरला तर त्या वर्षींच्या रकमेचा बहुतेक भाग एकट्या वडिलांवर खर्ची पडला. त्यानंतर दोन महिन्यांनीं धाकट्या सुनेच्या छातींत गांठ निघाली, तर तिच्यासाठीं त्या वर्षाच्या थैलींत काय उरलें? शेजारच्या सदनिकेंत नवराबायको आणि एक मूल अशीं तिघें राहतात. त्यांनाही तेच ५ लाख. चौदा जणांना एक थैली आणि तिघांनाही एक थैली. ही वांटणी आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. सरकारनें डोकीं मोजावींत, चुली मोजूं नयेत, हें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी चतुर गृहस्थ म्हणेल, "मग तिघा भावांनीं विभक्त शिधापत्रिका करून घ्याव्या, तीन थैल्या मिळतील." कायद्यानें वेगळ्या चुलीस वेगळी पत्रिका मिळते, हें खरें. जो भाऊ नोकरीनिमित्त नाशकास बिऱ्हाड करून आहे आणि दिवाळीपुरता घरीं येतो, त्याचें नांव वाड्याच्या पत्रिकेवर ठेवण्यांत कसलेंच शहाणपण नाहीं. त्यानें आपल्या बिऱ्हाडाची पत्रिका करावी, तो त्याचा हक्क आहे. परंतु एकाच स्वयंपाकघरांत एकाच पातेल्यांतलें जेवणाऱ्यांनीं कागदावर तीन चुली दाखवाव्या, हें आम्हांस रुचत नाहीं. शिवाय कागदावरची वांटणी पुढें कोणत्या कोर्टांत कोणत्या कामीं पुरावा म्हणून उभी राहील, याचाही भरंवसा नाहीं. घरांत या विषयावर बोलणें काढणें अवघड असतें, हें आम्ही जाणतों. "पत्रिका वेगळी करूं या" हे शब्द सासूच्या कानांवर पडले कीं त्यांचा अर्थ आरोग्याच्या योजनेशीं राहत नाहीं. म्हणूनच हें बोलणें घरांत कोणी आजारी नसतांना, सर्वांदेखत, कर्त्या पुरुषानें किंवा कर्त्या बाईनें स्वतः काढावें.

वृद्धांच्या बाबतींत केंद्र सरकारनें एक निराळी सोय केली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळूं शकतें, आणि त्यावर वर्षास ५ लाखांपर्यंत स्वतंत्र संरक्षण आहे. वरील उदाहरणांतील वडिलांनीं हें कार्ड वेळेवर काढलें असतें, तर त्यांच्या उपचारांचा भार घरच्या थैलीवर सबंध पडता ना. घरांत सत्तरी ओलांडलेलीं दोघें असलीं तर ती रक्कम दोघांत सामाईक असते. निवृत्त केंद्रीय नोकर आणि माजी सैनिक यांना मात्र आपली जुनी सोय किंवा ही, यांतलें एक निवडावें लागतें. आणि तेथें घाईनें सही करूं नये, कारण जुन्या सोयींत बाहेरचीं औषधें मिळतात, हींत मिळत नाहींत.

इस्पितळ अंगीकृत नसेल किंवा थैली सरली असेल, तर आणखी एक दार आहे. तें आरोग्य खात्याचें नसून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीचें आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याचें कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेली योजना यांच्या अन्वयें, धर्मादाय इस्पितळांनीं आपल्या खाटांपैकीं शेंकडा १० निर्धनांस फुकट आणि शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीच्या दरानें द्यावयाच्या आहेत. निर्धन म्हणजे वर्षाच्या १ लाख ८० हजारांच्या आंतील, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आंतील. औषधांचा खर्च भागावा म्हणून इस्पितळानें इतर रोग्यांच्या बिलांपैकीं शेंकडा २ बाजूस काढून निर्धन रुग्ण निधि उभारावा, असा नियम आहे. आणि अत्यवस्थ रोग्यास अनामतीसाठीं दारांत अडवूं नये, हाही. हीं इस्पितळें पुष्कळदां आपल्याच आजोबा-पणजोबांच्या देणग्यांवर उभीं राहिलेलीं. कित्येकांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर आमच्या वाचकांच्या घराण्यांचीं नांवें आढळतील. विश्वस्त मंडळांवरही आपलेच लोक आहेत. त्यांनीं दर महिन्यास या शेंकडा १० खाटांवर कोण निजलें होतें एवढें विचारलें, तरी पुष्कळ काम होईल. येथेंही उत्पन्न कुटुंबाचें धरतात. तेव्हां तिघा भावांची मिळकत एकत्र दाखविणारें घर या मर्यादांत बसणें कठीण, हें सांगून ठेवतों.

शेवटीं बायकांच्या नांवांविषयीं. कारण कागदावरील नांवांत जितके रोगी अडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशांत अडत असतील, आणि त्यांतही बायका अधिक. आपल्यांत लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल. माहेरची कुसुम तांदळांत नांव लिहितांच सासरची माधवी होते. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, शिधापत्रिकेवर माधवी, आधारावर तिसरेंच कांहीं, आणि बँकेंत नवऱ्याच्या नांवासह चौथें. घरांत ही एकच बाई आहे हें सर्वांस ठाऊक. संगणकास मात्र त्या चौघी जणी वाटतात. आजींचें तर विचारूंच नये. त्यांच्या नांवापुढें ‘बाई’ आहे कीं नाहीं, जन्मसाल कोणतें, हें दर कागदावर निराळें. घरांत स्वस्थता असतां एका दुपारीं सर्वांचीं कागदपत्रें समोर मांडून हीं नांवें ताडून पाहावीं, आणि जेथें फरक आढळेल तेथें आधारावर किंवा पत्रिकेवर दुरुस्ती करून घ्यावी. नवीन सुनेचें नांव माहेरच्या पत्रिकेवरून कमी झाल्याशिवाय सासरच्या पत्रिकेवर चढत नाहीं, आणि या दोहोंच्या मधल्या काळांत ती कोणाच्याच कुटुंबांत नसते. मुंजी-लग्नांच्या याद्या वर्षभर आधीं करणाऱ्या घरांतही हें काम पहिलटकरणीच्या सातव्या महिन्यापर्यंत राहून गेलेलें असतें. तान्ह्या मुलाची अडचण त्या मानानें कमी: पत्रिकेवर त्याचें नांव चढलें नसलें तरी जन्माचा दाखला आणि आईबापांपैकीं एकाबरोबर काढलेलें त्याचें छायाचित्र पत्रिकेसह दाखविलें, म्हणजे त्याची नोंद होऊं शकते. सुनेसाठीं अशी सोय नाहीं. तिच्या माहेरच्या शिधावाटप कचेरींतून नांव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, आणि तो आणावयास कोण जाणार, हें दोन्ही घरांनीं लग्नाच्या आठवड्यांतच ठरवून टाकावें.